मधुमेही आईसोबत लोंबोक बेटावर

'डॉक्टर, आईला साखर आहे, तिला परदेशात न्यावे का?' हा प्रश्न दवाखान्यात अलीकडे वारंवार येतो. मुले नोकरीधंद्याला लागली की आईवडिलांना एकदा विमानात बसवावे असे त्यांना वाटते. आईवडिलांना मात्र परक्या अन्नाची, परक्या पाण्याची आणि परक्या डॉक्टरांची धास्ती वाटते. शेजारीपाजारी 'या वयात कशाला?' म्हणून त्यात भर घालतात. या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. म्हणून गेल्या मे महिन्यात आमच्याच घरच्या मंडळींनी केलेल्या प्रवासाची हकिगत आज वाचकांपुढे ठेवतो. त्यातून ज्याने त्याने आपल्यापुरते उत्तर काढावे.

आम्ही पाच जण होतो. मी, सौ., शाळेत जाणारी दोन मुले आणि आई. आईचे वय ६९. मधुमेह १८ वर्षांचा, त्यावर दोन प्रकारच्या गोळ्या. पायांची बधिरता थोडी, गुडघेदुखी बरीच. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे आहार संपूर्ण शाकाहारी. दोन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हापासून तिने घराबाहेर पडणे जवळजवळ सोडले होते. जेवणात लक्ष नाही, फिरणे बंद, आणि साखर वाढतच चाललेली. गोळ्या वाढवून हे सुटणार नाही, हे मला डॉक्टर म्हणून दिसत होते.

बेट कोणते निवडावे?

बालीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तिथे गर्दीही तशीच. बालीच्या पूर्वेला एक सामुद्रधुनी ओलांडली की लोंबोक बेट लागते. आकाराने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडे लहान. मधोमध रिंजानी हा ३७२६ मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी. इंडोनेशियात उंचीने तो दुसरा. पश्चिमेला मातारम हे मुख्य शहर, दक्षिणेला पांढऱ्या वाळूचे किनारे, आणि बाकी सगळीकडे भातखाचरे, नारळ, तंबाखू. मूळ रहिवासी सासाक लोक. ते बहुतेक मुसलमान आहेत, आणि पश्चिम भागात बालीहून आलेले हिंदूही बरेच. बालीहून विमानाने पाऊण तासाच्या आत पोहोचता येते. वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा अडीच तासांचा फरक ध्यानात ठेवावा. अमेरिकेला जाताना होते तशी मोठी उलथापालथ इथे होत नाही. गोळी जेवणाशी बांधलेली असेल तर तिथल्या जेवणाच्या वेळेला घ्यायची, एवढे बहुतेकांना पुरते. इन्सुलिनचा हिशेब मात्र आपापल्या डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावा.

मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा हंगाम. आपल्या शाळांच्या सुट्टीत नेमकी हवा चांगली सापडते.

मिरची आणि पोट

जावी भाषेत 'लोंबोक' म्हणजे मिरची. सासाक लोक मात्र आपल्या बेटाचे नाव 'सरळ' या अर्थाच्या त्यांच्या शब्दावरून आल्याचे सांगतात. नाव कशावरूनही असो, ताटात मिरची आहेच. 'आयाम तालिवांग' हा तिथला सर्वांत प्रसिद्ध पदार्थ. लहान गावठी कोंबडी उभी चिरून पसरायची, निखाऱ्यावर भाजायची आणि वर सुक्या लाल मिरच्या, लसूण, छोटे कांदे, टोमॅटो यांचे वाटण पुन्हा पुन्हा लावायचे. चिरंजीवांनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढले. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागितले.

'एवढ्या तिखटाने अल्सर होणार नाही का?' असे सौ.ने विचारले. पुष्कळांचा हा समज आहे. जठरातील व्रणाचे मुख्य कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू, हे ऑस्ट्रेलियातील मार्शल आणि वॉरेन या डॉक्टरांनी दाखवून दिले. त्यासाठी त्यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे मोठे कारण म्हणजे सतत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. मिरचीने व्रण तयार होत नाही. मात्र ज्यांना आम्लपित्त आहे, छातीत जळजळते, मूळव्याध आहे, त्यांचा त्रास तिखटाने वाढतो. आणखी एक गोष्ट. तोंड भाजल्यावर आपण घटाघटा पाणी पितो, त्याचा उपयोग होत नाही. मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही. दूध, दही याने ते उतरते. तिथे दही सहजी मिळत नाही, तेव्हा कोरडा भात चावून खावा, वर केळे खावे.

शाकाहारी माणसाचे ताट

आईची खरी अडचण तिखटाची नव्हती. तिथल्या स्वयंपाकात 'तेरासी' नावाचा एक जिन्नस असतो. बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेला हा गोळा. आपल्याकडे हिंग घालावे तितक्या सहजपणे तो चटणीत, भातात, भाजीत पडतो. त्यामुळे 'मांस नको, मासे नको' एवढे सांगून काम भागत नाही. 'तान्पा तेरासी', म्हणजे तेरासीशिवाय, असे स्पष्ट सांगावे लागते. मुलीने हे दोन शब्द पहिल्या दिवशी पाठ केले आणि प्रत्येक खानावळीत आजीच्या वतीने तीच बोलू लागली.

एवढी काळजी घेतली की शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. 'प्लेचिंग कांगकुंग' ही तिथली रोजची भाजी. कांगकुंग म्हणजे आपली नाळीची भाजी. वाहत्या पाण्याच्या कडेने ती वाढवतात. कोवळे लांब देठ उकळत्या पाण्यातून काढून त्यावर मोड आलेली कडधान्ये, भाजलेले शेंगदाणे, ओले खोबरे, टोमॅटो-मिरचीची चटणी आणि लिंबू. तेल जवळजवळ नाही, चोथा भरपूर. मधुमेह्याच्या ताटाला याहून चांगली सुरुवात नाही. चटणी तेवढी वेगळी करून घ्यायची. पाण्यात वाढणारी भाजी कच्ची खाऊ नये, कारण तिच्यासोबत कृमी पोटात जाऊ शकतात. उकळत्या पाण्यातून काढलेली, गरम गरम वाढलेली असेल तर हरकत नाही.

दुसरा पदार्थ तेम्पे. सोयाबीन शिजवून, साले काढून, त्याला एक प्रकारची उपयुक्त बुरशी लावतात आणि केळीच्या पानात गुंडाळून एक-दोन दिवस ठेवतात. दाणे एकमेकांना धरून पांढरी घट्ट वडी तयार होते. १०० ग्रॅम तेम्पेमध्ये १९-२० ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या शाकाहारी थाळीत भात-पोळी पुष्कळ आणि प्रथिने कमी, ही मधुमेहातील नेहमीची उणीव. तेम्पे ती भरून काढते. आईने बुरशीचे नाव ऐकून आधी ताट सरकवले. 'आई, अहो, इडलीचे पीठसुद्धा आंबवतोच की आपण,' असे सौ. म्हणाली तेव्हा एक तुकडा तोंडात टाकला. पुढे रोज मागू लागली.

सावध राहायचे ते गोडापासून. तिथला सोयासॉस, 'केचाप मानिस', पाम वृक्षाच्या गुळाने इतका गोड केलेला असतो की काकवीच वाटावी. परतलेला भात, नूडल्स, भाजलेले मांस, सगळ्यावर तो पडतो. पदार्थ तिखट लागतो म्हणून साखर लक्षात येत नाही. चहाही साखर घालूनच येतो. बिनसाखरेचा हवा तर 'ते तावार' म्हणावे किंवा 'तान्पा गुला' सांगावे. 'गुला' म्हणजे साखर. संस्कृत 'गुड' आणि आपला गूळ यांचे हे भावंड. असे ओळखीचे शब्द तिथे पावलोपावली भेटतात. भाषेला 'बाहासा', पत्नीला 'इस्त्री', नवऱ्याला 'सुआमी', आणि रोज्याला 'पुआसा', म्हणजे आपला उपवासच.

राजाने खाली आणलेले सरोवर

मातारम शहराच्या पूर्वेला एक जुनी राजबाग आहे. पाटी वाचून आई थबकली. बागेचे नाव 'नर्मदा'. बालीहून आलेल्या हिंदू राजघराण्याने ती बांधली आणि आपल्या नर्मदा नदीचे नाव तिला दिले.

तिची कथा अशी सांगतात. रिंजानीच्या विवरात 'सगारा आनाक' नावाचे सरोवर आहे. नावाचा अर्थ 'सागराचे लेकरू'. १२५७ मध्ये तिथल्या सामालास ज्वालामुखीचा महाभयंकर स्फोट झाला, त्यातून हे विवर झाले. तिथे दरवर्षी वर चढून पूजा करायचा राजाचा नेम होता. राजा म्हातारा झाला, चढवेना. तेव्हा त्याने डोंगर आणि सरोवर यांची प्रतिकृती खाली, राजधानीजवळ बांधून घेतली आणि नेम चालू ठेवला.

नर्मदा परिक्रमा करावी असे आईच्या मनात फार वर्षे होते. गुडघ्यांनी ते होऊ दिले नाही. कथा ऐकून ती तळ्याच्या काठी बसली आणि म्हणाली, 'राजाचे गुडघेसुद्धा माझ्यासारखेच होते म्हणायचे.' दोन वर्षांत ती स्वतःच्या दुखण्यावर प्रथमच हसली.

वैद्यकीय दृष्टीनेही या कथेत तथ्य आहे. गुडघे दुखतात म्हणून चालणे बंद करणारे रुग्ण मला रोज भेटतात. चालणे थांबले की मांडीचे स्नायू ढिले पडतात, गुडघ्यावरचा भार वाढतो आणि दुखणे आणखी वाढते. डोंगर झेपत नसेल तर सपाट रस्ता शोधावा, पण नेम मोडू नये. आई त्या बागेत काठी घेऊन, थांबत थांबत, तासभर चालली.

जवळच लिंगसार येथे हिंदू आणि स्थानिक सासाक मुसलमान या दोघांचेही पूजास्थान एकाच आवारात आहे. तिथल्या कुंडात पवित्र मानलेले वाम मासे आहेत. भाविक त्यांना उकडलेली अंडी घालतात. मुले तिथून हलायला तयार नव्हती.

सारवलेली घरे, उघडे पाय

दक्षिणेला सादे नावाचे सासाक गाव आहे. गवताने शाकारलेली उतरती छपरे, धान्याची उंच कोठारे, ओसरीवर माग लावून बसलेल्या बायका. जमीन मातीची, आणि ती म्हशीच्या किंवा गाईच्या शेणाने सारवून गुळगुळीत केलेली. घरात शिरताच आईने वाकून जमिनीवरून हात फिरवला. एका म्हातारीने तिच्याकडे बघून हाताने सारवण्याची खूण केली. आईनेही तशीच खूण करून दाखवली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण संभाषण झाले.

इथे पायांविषयी सांगायला हवे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायांची जाणीव कमी होते. खडा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. दुपारची किनाऱ्यावरची वाळू इतकी तापते की अनवाणी चालणाऱ्या मधुमेह्याच्या तळव्याला फोड येतात, आणि ते त्याला संध्याकाळी दिसतात. समुद्रातील प्रवाळाचा ओरखडा लहान दिसतो, पण त्यात कण अडकून राहतात आणि जखम चिघळते. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. म्हणून धनुर्वाताची लस घेतलेली असावी, भेगा पडलेल्या पायांत स्वच्छ मोजे असावेत, आणि रोज रात्री दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्यांसह, दुसऱ्या कोणीतरी पाहावेत. आमच्याकडे हे काम नातीने घेतले होते. पाण्यातसुद्धा आई रबरी बूट घालूनच उतरली.

होडी लांबली तेव्हा

लोंबोकच्या वायव्येला 'गिली' नावाची तीन चिमुकली बेटे आहेत. तिथे मोटारी नाहीत, घोड्याच्या गाड्या आणि सायकली तेवढ्या. त्यांपैकी गिली आयर या बेटावर दोन दिवस राहायचे ठरले होते. बांगसाल या धक्क्यावरून सार्वजनिक होडी सुटते. उतारू भरले की निघायचे, असा तिचा नियम.

त्या दिवशी आईने नाश्त्याआधीची गोळी घेतली. पण समोर आलेल्या परतलेल्या भाताला तिला तेरासीचा वास आला. आमच्या नकळत तिने तो नातवाच्या ताटात सारला आणि पपईच्या दोन फोडींवर भागवले. धक्क्यावर होडी भरेना. ऊन चढले. आईला घाम आला, तो उकाड्याचाच असणार असे कोणालाही वाटले असते. पण सौ.ने पाणी पुढे केले तेव्हा आई तिच्यावर खेकसली, 'मला काही नको, गप्प बसा सगळे.' सुनेला आवाज चढवून बोलणे हा आईचा स्वभाव नव्हे. हात धरला तर गार आणि थरथरणारा. ग्लुकोमीटर जवळच्या पिशवीत होता. आकडा आला ५४.

७० च्या खाली साखर म्हणजे धोक्याची सूचना. नियम सोपा आहे. १५ ग्रॅम साखर द्यावी, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून. १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासावे. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. आम्ही ग्लुकोज दिले. पंधरा मिनिटांनी ८२. शेजारच्या टपरीवाल्या बाईने आमची धावपळ पाहून न मागता गोड चहा आणि केळ्याची भजी आणून ठेवली होती. साखर सुधारल्यावर पोटात काहीतरी जेवणवजा जायलाच हवे, नाहीतर ती पुन्हा उतरते. आईला ती भजी चालली. ती होडी आम्ही सोडली आणि पुढच्या होडीने गेलो.

वाचकहो, यातील काही मुद्दे नीट लक्षात ठेवावेत. साखर उतरल्याची खूण नेहमी चक्करच असते असे नाही. चिडचिड, असंबद्ध बोलणे, गार घाम, हात थरथरणे, एकाएकी लागलेली भूक, यांतील काहीही असू शकते. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी कुशीवर झोपवावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. आणि काही गोळ्यांचा परिणाम पुष्कळ तास टिकतो. म्हणून एकदा आकडा सुधारला तरी दिवसभर लक्ष ठेवावे, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा तपासावे.

त्या संध्याकाळी आई वाळूत खुर्ची टाकून बसली होती. समोर पाण्यापलीकडे रिंजानीचा डोंगर तांबूस झालेला. 'घरी असते तर एवढ्यावर महिनाभर अंथरूण धरले असते,' ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः ग्लुकोमीटर घेऊन आली आणि कसे तपासायचे ते शिकवायला सांगितले. १८ वर्षांत प्रथमच. परत आल्यावर रोज सकाळी फिरणे सुरू झाले आहे, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर आठच्या खाली आली आहे. याचे श्रेय बेटाला द्यायचे की आजाराची भीती मोडल्याला, ते मी सांगू शकत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

१. औषधे, इन्सुलिन, ग्लुकोमीटर हातातील पिशवीतच ठेवावे. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकते. दुप्पट दिवसांची औषधे आणि डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठी बरोबर असावी.

२. खिशात ग्लुकोज किंवा साखरेच्या पुड्या, आणि पिशवीत भाजलेले चणे, शेंगदाणे. जेवण समोर आल्याशिवाय गोळी घेऊ नये. याबाबत आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे.

३. पाणी सीलबंद बाटलीचे किंवा उकळलेले. जुलाब झाले तर जलसंजीवनी: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मधुमेह्यांनीही ती घ्यावी, साखर तपासत राहावे.

४. डास दिवसा चावणारे आणि रात्री चावणारे, दोन्ही टाळावेत. परतल्यावर ताप आला तर प्रवासाची माहिती डॉक्टरांना सांगावी.

५. माकडांना, कुत्र्यांना खाऊ घालू नये. शेजारच्या बालीत २००८ पासून रेबीज आहे. चावा लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच लस घ्यावी.

६. स्थानिक हातभट्टीच्या दारूला स्पर्शही करू नये. मिथेनॉलच्या विषबाधेने २००९ मध्ये बालीत अनेकांचा बळी गेला.

७. हा भूकंपाचा प्रदेश आहे. ऑगस्ट २०१८ मधील भूकंपात लोंबोकमध्ये ५०० हून अधिक माणसे दगावली. राहण्याच्या जागी बाहेर पडण्याची वाट आणि किनाऱ्यापासून उंच जागा कोणती, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

८. दवाखान्याला तिथे 'रुमाह साकित' म्हणतात, औषधाच्या दुकानाला 'आपोतेक'. प्रवासाचा आरोग्यविमा उतरवूनच निघावे.

हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल, पायाला जखम असेल, किंवा साखर फारच वरखाली होत असेल तर प्रवास पुढे ढकलावा. बाकीच्यांनी निघण्यापूर्वी निदान महिनाभर आधी तपासणी करून घ्यावी, आणि आईवडिलांना काय खायला हवे, हे त्यांनाच आधी विचारावे.